‘हौशी’ हा शेरा आणि खामगावचे एक वकील

गावातील हौशी मंडळींनी ‘शाकुंतल’ किंवा ‘सौभद्र’ बसवायला घेतले, की ‘व्यावसायिकांची सर कुठली येणार?’ असा शेरा हमखास ऐकू येतो. संगीत नाटकाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

१८८० साल. अण्णासाहेब किर्लोस्कर पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. पारशी मंडळींचा ‘इंद्रसभा’चा खेळ पाहून त्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ मराठीत संगीतासह आणण्याचे मनावर घेतले. ३१ ऑक्टोबरला आनंदोद्भव नाट्यगृहात प्रयोग झाला तो पहिल्या चार अंकांचाच. सातही अंक सिद्ध होईपर्यंत थांबण्याइतका धीर कोणाला! सूत्रधार स्वतः अण्णासाहेब, तर दुष्यंत मोरोबा वाघोलीकर. विष्णुदास भावे यांच्या १८४३ पासूनच्या परिपाठात सर्वांची पदे सूत्रधारच गाई. इथे प्रत्येक पात्र आपले पद आपण गाऊ लागले. एवढे स्थित्यंतर घडवणारा माणूस तेव्हा सरकारी पगारावर जगत होता, हे आपण विसरतो.

आता खामगावकडे येऊ. ‘सुदाम्याचे पोहे’कार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनी अकोला, खामगाव आणि जळगाव जामोद येथे वकिली केली. १८९६ मध्ये किर्लोस्कर मंडळीने त्यांचे ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणले, तेव्हा तर ते वकीलही झाले नव्हते. किर्लोस्करांनी पारशी रंगभूमीपासून स्फूर्ती घेतली. कोल्हटकरांनी तिच्या चालीच उचलल्या. साकी-दिंडीला सरावलेल्या कानांना हा धक्काच होता. ज्यांना गडकऱ्यांनी गुरू मानले, ते नाटककार वऱ्हाडातल्या कोर्टात अशिलांची कामे पाहत होते!

पुढे व्यावसायिक कंपन्यांचे वैभव वाढले, आणि १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’नंतर बोलपटांच्या लाटेत ते ओसरलेही. राज्य नाट्यस्पर्धेत हौशी संस्थांच्या संगीत नाटकांची वेगळी स्पर्धा असते, म्हणून तरी नव्या गळ्यांना ही पदे बसवावी लागतात. गाणारा नट, ऑर्गनवादक आणि तबलजी एका तालमीला एकत्र आणणे किती जिकिरीचे, हे त्या मंडळींनाच विचारा.

एक तक्रार मात्र आहे. हौशी मंडळीही फिरून ‘सौभद्र’कडेच वळतात; कोल्हटकर क्वचितच कोणी उघडतो. त्यांची भाषा अलंकारांनी जड आहे, कथानके गुंतागुंतीची आहेत, हे मान्य. तरीही खामगावात कोणी ‘मूकनायक’ बसवलेच, तर पहिल्या रांगेतले एक तिकीट माझे.