वाऱ्यावर जगणाऱ्या प्राण्याचे घर

शॅमेलिऑन हा शब्द ग्रीक भाषेतील ‘जमिनीवरचा सिंह’ अशा अर्थाच्या जोडशब्दापासून आला आहे, आणि ज्या प्राण्याचे उभे आयुष्य झाडाच्या फांद्यांवर जाते त्याला हे नाव मिळावे, ही त्याच्याविषयीच्या गैरसमजांची केवळ सुरुवात होती. मराठीत त्याला घोयरा किंवा घोयरा सरडा म्हणतात. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरवणारा, डुलत डुलत पाऊल टाकणारा आणि शेपटीचे वेटोळे फांदीला घालून बसणारा हा प्राणी कुंपणावर मान हलवणाऱ्या नेहमीच्या सरड्याहून अगदी वेगळा आहे, जरी रंग बदलण्याचा वाक्प्रचार वापरताना मराठी माणूस दोघांत फारसा भेद करत नाही. घोयऱ्याच्या दोनशेहून अधिक जाती ज्ञात असून त्यांपैकी जवळपास निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर आढळतात. हा प्राणी हौसेने घरात ठेवण्याची चाल जुनी आहे. मात्र त्याला ठेवायचे कशात, या साध्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर सापडायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात घोयऱ्याचे डोळे, बरगड्या, पाय आणि रंगबदल यांचे वर्णन इतक्या बारकाव्याने केले आहे, की ते प्रत्यक्ष पाहून केलेले असावे यात शंका राहत नाही. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी याने मात्र हा एकमेव प्राणी अन्नपाण्यावाचून केवळ हवेवर जगतो असे लिहून ठेवले, आणि ती समजूत युरोपात दीड हजार वर्षे टिकली. शेक्सपिअरच्या हॅम्लेटलाही तिचा आधार घेऊन टोमणा मारता आला. ही समजूत रुजण्यास प्राण्याचे वागणेच कारणीभूत असणार, कारण घोयरा बराच काळ उपाशी राहू शकतो, फुप्फुसांत हवा भरून अंग फुगवतो, आणि त्याची शिकार पकडण्याची क्रिया इतकी क्षणार्धात उरकते की पाहणाऱ्याच्या नजरेतून ती सहज निसटते. प्लिनीने त्याचे तोंड सदा उघडे असते असेही म्हटले आहे. पाळलेला घोयरा सतत तोंड उघडे ठेवू लागला तर त्याला अतिउष्णतेचा त्रास होत आहे किंवा फुप्फुसांचा संसर्ग झाला आहे, असे आजचे पशुवैद्य मानतात. तेव्हा प्राचीनांनी ज्याला हवा खाणे म्हटले ते एखाद्या बंदिवान, आजारी जिवाचे धापा टाकणे तर नसेल, अशी शंका घेण्यास जागा आहे.

सतराव्या शतकात या समजुतीला तडे गेले. इंग्लंडमधील वैद्य टॉमस ब्राउन याने लोकभ्रमांचा समाचार घेणाऱ्या आपल्या १६४६ च्या ग्रंथात घोयऱ्याला स्वतंत्र प्रकरण दिले आणि ज्याला जठर, आतडी आणि शिकारीसाठी घडलेली जीभ आहे तो केवळ हवेवर कसा जगेल, असा सरळ प्रश्न विचारला. पॅरिसच्या शाही विज्ञान अकादमीत क्लोद पेरो याने घोयऱ्याची चिरफाड करून तिचे वर्णन १६६९ मध्ये प्रसिद्ध केले. हा पेरो लूव्र राजवाड्याच्या प्रसिद्ध स्तंभावलीशी नाव जोडला गेलेला वास्तुशिल्पी आणि सिंड्रेलाची कथा लिहिणाऱ्या शार्ल पेरोचा भाऊ होता. काही वर्षांनी, १६७२ मध्ये, कादंबरीकार मादलेन द स्क्युदेरी हिच्याकडे अलेक्झांड्रियाहून जिवंत घोयरे आले. तिने ते आपल्या पॅरिसमधील घरी जपले आणि पुढे दोन घोयऱ्यांची कहाणी लिहून छापली. घोयऱ्याकडे चिरफाडीचा नमुना म्हणून न पाहता घरातला सोबती म्हणून पाहणाऱ्या युरोपातील आरंभीच्या लेखनात तिची गणना करावी लागते.

या सुमारास त्याच्यासाठी खास पिंजरा असा काही नव्हताच, आणि जेथे हवामान अनुकूल होते तेथे त्याची गरजही नव्हती. दक्षिण स्पेनमध्ये, विशेषतः कादिसच्या किनाऱ्यावरील गावांत, माश्या खाण्यासाठी घोयरा घरात किंवा परसात सोडून ठेवण्याची पद्धत होती. झाड हेच त्याचे घर, आणि मालकी म्हणजे एवढेच की तो सहसा दूर जात नसे. उत्तरेकडच्या थंड शहरांत हे शक्य नव्हते, कारण घोयरा बाह्यतापी आहे, म्हणजे शरीराची ऊब स्वतः निर्माण न करता ऊन आणि परिसर यांच्याकडून घेणारा आहे.

थंडीवरचा उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकाने काच पुढे केली. लंडनमधील वैद्य नॅथॅनिएल वॉर्ड याने १८२९ मध्ये एका बंद बाटलीत पतंगाचा कोश ठेवला असता बाटलीतील ओलसर मातीत नेचे आणि गवत आपोआप उगवून तगलेले त्याला दिसले, आणि त्यातून ‘वॉर्डची पेटी’ ही जवळपास हवाबंद काचपेटी जन्माला आली. या पेटीने वनस्पतींचे जग हलवले. रॉबर्ट फॉर्च्युन याने चीनमधून हिमालयाच्या पायथ्याशी पाठवलेली चहाची हजारो रोपे याच पेट्यांतून आली. काचेच्या आत एक छोटे जग तगू शकते हे एकदा पटल्यावर त्या जगात माती-पाण्याबरोबर प्राणीही ठेवण्याची टूम निघाली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये जगातील पहिले सरीसृपगृह आणि १८५३ मध्ये पहिले सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. योहान फोन फिशर याचे ‘टेरारियम’ याच नावाचे जाडजूड जर्मन पुस्तक १८८४ मध्ये निघाले, आणि १८९७ मध्ये ग्रेगरी बेटमन या इंग्रज धर्मोपदेशकाने सरीसृप व उभयचर घरी ठेवण्यासाठीच्या पेट्या कशा बांधाव्यात व कशा सांभाळाव्यात याचे सविस्तर मार्गदर्शक लिहिले. घरी पेटी बांधण्याच्या हौसेला येथे छापील शास्त्र लाभले. याच दशकात अमेरिकेत मात्र वेगळेच खूळ पसरले होते: शॅमेलिऑन या नावाने विकले जाणारे, पण प्रत्यक्षात अनोल जातीचे असलेले छोटे हिरवे सरडे बारीक साखळीने बायकांच्या पोशाखावर टाचले जात, आणि ते साखरेच्या पाण्यावर जगतात असे गिऱ्हाइकांना सांगितले जाई. हवेवरून साखरेच्या पाण्यावर येण्यास अठराशे वर्षे लागली, एवढीच काय ती प्रगती.

काचपेटीत नेचे आणि बेडूक सुखाने राहिले, पण घोयरे टिकेनात. याचे कारण समजण्यासाठी तो पाणी कसे पितो हे पाहावे लागते. वाटीत साचलेले पाणी त्याला पाणी म्हणून सहसा ओळखूच येत नाही. पानावरून ओघळणारा, उजेडात चमकणारा थेंब दिसला की तो थांबतो, एक डोळा त्यावर रोखतो आणि जिभेच्या टोकाने तो टिपतो. म्हणून त्याच्या घरात दिवसातून एकदोनदा तुषार उडवावे लागतात, आणि मग ते पाणी वाळूनही जावे लागते. बंद पेटीत ते वाळत नाही. हवा कोंदते, बुरशी धरते, फुप्फुसांचे विकार जडतात. त्यात काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाला हा एकलकोंडा प्राणी प्रतिस्पर्धी समजून दिवसभर अंग फुगवत, रंग गडद करत राहतो, आणि सतत ताण सोसणारा घोयरा अन्न सोडतो. वॉर्डच्या पेटीचा जो गुण, आतला ओलावा आतच राखण्याचा, तोच या प्राण्याच्या जिवावर उठला.

काचेचा दुसरा दोष डोळ्यांना दिसणारा नव्हता. ऊन काचेतून आत येते, पण साधी काच सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा तो पट्टा, म्हणजे सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे किरण, अडवते, ज्यामुळे त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. ते नसले तर अन्नातले कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडे मऊ पडतात, जबडा वाकतो आणि फांदीला घट्ट धरणारे पाय वेडेवाकडे होतात. मुलांच्या मुडदूस रोगावर अतिनील दिव्याचा उपाय बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की याने १९१९ मध्ये दाखवून दिला, आणि त्या ज्ञानाचा सरीसृपांना लाभ करून देण्यात पुढाकार घेतला तो जोन प्रॉक्टर या तरुण विदुषीने. १९२३ पासून लंडन प्राणिसंग्रहालयातील सरीसृपांची जबाबदारी सांभाळणाऱ्या प्रॉक्टर यांनी १९२७ मध्ये उघडलेल्या नव्या सरीसृपगृहाची आखणी केली. त्यात विजेवर चालणारी, निरनिराळ्या भागांत निरनिराळी ऊब देणारी व्यवस्था होती आणि अतिनील किरण आत येऊ देणारी ‘व्हिटा’ नावाची खास काच बसवली होती. उन्हात राहून राहून या काचेचा तो गुण हळूहळू कमी होई, हे पुढे लक्षात आले. आजचे अतिनील दिवेही दिसायला लख्ख पेटत असताना आतून निकामी झालेले असतात आणि म्हणून ठरावीक महिन्यांनी बदलावे लागतात. प्रॉक्टर १९३१ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारल्या, आणि घरगुती हौशी लोकांपर्यंत असे दिवे पोचायला त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

दरम्यान जंगलातून पकडलेल्या घोयऱ्यांचा व्यापार फोफावला. त्या व्यापारातील प्राणी ज्या अवस्थेत गिऱ्हाइकापर्यंत येत, तिची कल्पना हवाई बेटांतील १९७२ च्या एका घटनेवरून येते. ओआहू बेटावरील एका दुकानदाराने केनियाहून तीन शिंगांचे जॅक्सन घोयरे मागवले. ते खंगलेले आणि पाण्यावाचून सुकलेले आल्यामुळे त्याने त्यांना सावरण्यासाठी घरामागच्या बागेत सोडले, आणि ते पुन्हा हाती लागले नाहीत. पिंजऱ्यात जे घोयरे जगवणे अवघड होते त्यांनी पावसाळी, वाऱ्याच्या त्या बागेतून बाहेर पडून बेटांवर वस्ती केली, आणि आज तेथे ते स्थानिक कीटक व गोगलगायी फस्त करणारे उपद्रवी परके प्राणी मानले जातात. १९७७ मध्ये घोयऱ्यांच्या बहुतेक जाती वन्यजीव व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत आल्या, तर १९९५ मध्ये मादागास्करमधून चार जाती वगळता इतर घोयऱ्यांची आयात थांबवण्यात आली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे येथील घोयरा पकडणे वा पाळणे गुन्हा ठरतो, त्यामुळे महाराष्ट्रात त्याच्या पिंजऱ्याचा इतिहास असा घडलाच नाही. परदेशी जातींबाबतही २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनी नोंदणीचे बंधन घातले आहे.

जंगलातून येणारे प्राणी कमी झाले तसे पैदास करणाऱ्यांचे महत्त्व वाढले, आणि पैदास साधायची तर प्राणी वर्षानुवर्षे जगला पाहिजे. येमेन आणि सौदी अरेबियातील तुरेवाला घोयरा १९९० च्या दशकात अमेरिकेतील हौशी मंडळींनी घरोघरी वाढवला, आणि त्याच मंडळींनी काच काढून टाकून जाळीचा पिंजरा रूढ केला. त्याची कृती एखाद्या प्लंबरला सहज जमेल अशी आहे: पीव्हीसी पाइपाचे तुकडे एल्बो आणि टी यांनी जोडून साधारण दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच चौकट उभी करायची, कारण घोयऱ्याला जमिनीपेक्षा उंची हवी असते, तिला चारी बाजूंनी आणि वरून खिडकीला लावतात तशी बारीक जाळी ताणून बसवायची, आणि पुढच्या बाजूला बिजागरीचे दार ठेवायचे. उघड्या धातूची खरखरीत जाळी चालत नाही. तिच्यात नखे अडकून तुटतात आणि तोंड घासून जखमा होतात. आत मनीप्लँटची वेल किंवा वड-पिंपळाच्याच कुळातील फायकसचे कुंडीतले झाड, आडव्या-तिरप्या फांद्या, आणि छतावर तळाला टाचणीने भोक पाडलेला प्लास्टिकचा पेला, ज्यातून थेंब थेंब पाणी पानांवर पडत राहते. मादी असेल तर खाली ओलसर वाळू-मातीचे खोल भांडे ठेवावेच लागते, कारण तुरेवाल्या घोयऱ्याची मादी नराशिवायही अंडी धरते, आणि उकरायला माती मिळाली नाही तर ती अंडी पोटात अडकून मरते.

तरीही दोष काचेचा नव्हता, कोंडलेल्या हवेचा होता, हे जर्मनी आणि चेक प्रजासत्ताकातील संगोपकांनी आपल्या परीने दाखवून दिले. तेथील हिवाळ्यात तापवलेल्या खोलीची कोरडी हवा जाळीतून आरपार जाऊन प्राण्याला सुकवते, म्हणून त्यांनी काचपेटी सोडली नाही. त्यांनी दाराखाली जाळीची एक पट्टी आणि वर जाळीचे छत ठेवले, जेणेकरून दिव्याने तापलेली हवा वर निघून जाईल आणि खालून ताजी हवा ओढली जाईल, जशी चुलीच्या धुराड्यातून ओढली जाते. प्लिनीचे विधान अन्नाच्या बाबतीत खोटे होते, पण हलत्या हवेवाचून हा प्राणी जगत नाही एवढ्यापुरते ते, त्याच्या नकळत, खऱ्याच्या जवळ गेले होते.

पिंजऱ्यात दिवा कोठे टांगावा हा शेवटचा प्रश्न टेक्सासमधील संशोधकांच्या २००० नंतरच्या प्रयोगांनी बराच सोडवला. मादागास्करच्या पँथर घोयऱ्यांना आहारातून ‘ड’ जीवनसत्त्व कमी मिळाले तर ते अतिनील प्रकाशात अधिक वेळ बसत, आणि पुरेसे मिळाले तर तेथून दूर राहत. म्हणजे किती ऊन घ्यायचे हे तो प्राणी स्वतः ठरवत होता, मात्र त्यासाठी त्याला ऊन आणि सावली दोन्ही हाताशी असणे आवश्यक होते. तेव्हापासून घरगुती पिंजऱ्यात दिवा मधोमध न टांगता छताच्या एका कोपऱ्यावर, जाळीच्या बाहेरून, सर्वांत वरच्या फांदीपासून वीतभर उंचीवर टांगतात, आणि झाडाची दाट बाजू मुद्दाम त्याच्या उलट दिशेला वळवून ठेवतात.