पेटीवाले भैय्यासाहेब

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांची जुळवाजुळव सुरू झाली की जयेंद्रगंजातल्या आमच्या बैठकीत एक वाद ठरलेला असतो. तरुण मुलांना भारुडे-लोकगीते गिटार, की-बोर्ड आणि संगणकातल्या ठेक्यावर म्हणायची असतात. ज्येष्ठांना ते रुचत नाही. यंदा हा वाद ऐकताना आम्हांला आपल्याच ग्वाल्हेरच्या भैय्या गणपतरावांची आठवण झाली.

भैय्यासाहेब (१८५२-१९२०) हे महाराज जयाजीराव शिंदे यांचे पुत्र. आई चंद्रभागाबाई गायिका. गादीचा वारसा त्यांच्याकडे नव्हता. ग्वाल्हेर म्हणजे हद्दू-हस्सू खाँ यांच्या ख्यालाचे माहेरघर. पण भैय्यासाहेबांचा जीव रमला ठुमरीत. लखनौच्या सादिक अली खाँ यांच्याकडून त्यांनी ती घेतली आणि 'सुघर पिया' या नावाने स्वतःही ठुमऱ्या रचल्या.

त्यांनी निवडलेले वाद्य मात्र परके होते. हार्मोनियमचे पेटंट १८४२ मध्ये पॅरिसच्या देबेन यांनी घेतले. आपल्याकडे ठुमरीला साथ सारंगीची. पेटीचे सूर पट्ट्यांत बांधलेले, त्यात मींड निघत नाही, हा आक्षेप खराच होता. तरीही भैय्यासाहेबांनी ठुमरीत पेटीला मानाचे स्थान मिळवून दिले. मौजुद्दीन खाँ, गौहरजान हे त्यांच्याच तालमीतले. गौहरजानचा आवाज १९०२ मध्ये कलकत्त्यात तबकडीवर उतरला; म्हणजे ही परंपरा आणखी एका यंत्रापर्यंत पोचली.

पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडले. तोवर घरोघरच्या भजनांत, कीर्तनांत आणि नाटकांत पेटी केव्हाच रुळली होती. १९७९ मध्ये बंगळुरूच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. आज त्यावर रियाज करणाऱ्याला कुणी बाटगा म्हणत नाही.

भैय्यासाहेबांनी आधी ठुमरी गळ्यात आणि बोटांत मुरवली होती, म्हणून परकी पेटी त्यांच्या हाती आपली झाली. तेव्हा आम्ही बैठकीत एवढेच सुचवले: मुलांनी पहिले कडवे नुसत्या आवाजात, टाळांच्या साथीने म्हणावे, मग खुशाल हवी ती यंत्रे लावावीत. ज्येष्ठांनी मान डोलावली. मुले कालपासून एकनाथांचे भारूड पाठ करीत आहेत.