कास्तिल्योनेत पाणी पाजताना

बाह्या सरसावा आणि ही बादली धरा. हो, तुम्हीच! जून १८५९, उत्तर इटलीतलं कास्तिल्योने. परवा शेजारच्या सोल्फेरिनोला लढाई झाली, तेव्हापासून गाड्या, खेचरं आणि लंगडत येणारी माणसं थांबलेलीच नाहीत. गाव पाच-साडेपाच हजार वस्तीचं, जखमी सुमारे ९,०००. घरं, अंगणं भरली. आता गल्ल्यांत पेंढा पसरून वर फळ्या आणि कापड टाकलंय, तरी ऊन भाजतंच.

मोठ्या चर्चच्या दारातच वास घशाशी येतो. घाम, रक्त, कुजलेलं मांस, वर माश्यांचा घोंघाट. पाचशेच्या आसपास सैनिक एकमेकांना खेटून पडलेत. फ्रेंच, अरब, जर्मन, स्लाव्ह. भाषा कळणार नाही, ओठांकडे बघा. बहुतेकांना पाणीच हवंय.

डोक्याखाली हात घाला, मान अलगद उचला, पेला टेकवा. घाई नको, ठसका लागेल. मग पट्टी भिजवा. रक्त वाळून ती कातडीला चिकटलीय, कोरडी ओढलीत तर बिचारा किंचाळेल. खाली काय दिसेल सांगता येत नाही. तोंड फिरवू नका, तो तुमच्याच चेहऱ्याकडे बघतोय.

पांढऱ्या कपड्यांतला तो तरुण हेन्री ड्युनांट, जिनिव्हाचा. धंद्याच्या कामासाठी फ्रेंच बादशहाला गाठायला निघालेला, इथे उतरला तो राहिलाच. डॉक्टर नाही, पण गावातल्या बायकामुली त्याने कामाला लावल्या. पोरं कारंज्यावरून पाणी भरून आणतायत. कालच्या शत्रूलाही तेच पाणी, तोच रस्सा. ‘तुत्ती फ्रातेल्ली’, सगळे भाऊच, असं म्हणत बायका पुढच्याकडे वळतात. ड्युनांटचं नाव पुढे जगभर झालं. मला मात्र आधी या बायकांना हात जोडावेसे वाटतात.

ब्रेशियाला पिटाळलेला त्याचा गाडीवान आला वाटतं! संत्री, लिंबं, साखर, सदरे, स्पंज, टाचण्या, आणि तंबाखू. नाक मुरडू नका. धुराने दुर्गंधी थोडी दबते, आणि हात-पाय कापायची वेळ आली की कित्येकजण तोंडात पाइप धरूनच कळ सोसतात. त्या कोपऱ्यातल्याला पेटवून द्या, त्याची पाळी जवळ आलीय.

मग लिंबं चिरायला घ्या. ज्यांना स्वतःच्या हाताने पेला धरता येत नाही, सरबत आधी त्यांना.