परसातली भेंडी आणि जालन्याचे बियाणे
जालना एमआयडीसी आज लोखंडी सळयांसाठी ओळखली जाते. परसबाग बदलणारा इथला धंदा मात्र बियाण्यांचा. पूर्वी मराठवाड्यातील परस न्हाणीच्या सांडपाण्यावर जगे. पावसाळ्यात कुंपणावर दोडका चढे, हिवाळ्यात वाफ्यात मेथी, चुका, शेपू. अंबाडी ज्वारीच्या कण्यांत शिजवून वर लसणाची फोडणी घालत. उन्हाळ्यासाठी गवार वाळवत. बी घरचेच, राखेत घोळून मडक्यात जपलेले.

बद्रीनारायण बारवाले यांनी पुसा सावनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. गंमत अशी की पुसा सावनी हा सरळ वाण. त्याचे बी घरी राखता येई. संकरित भाज्यांचे गुण मात्र पुढच्या पिढीत तसेच उतरत नाहीत, त्यामुळे बियाण्याचे पाकीट दर हंगामाला नवे घ्यावे लागते.