डळमळता गुन्हा

आम्ही वकील नव्हे. शाळा सातवीत सुटली, आणि कायद्याशी ओळख झाली ती कारखान्याच्या फाटकावर. संपात पोरांना धरून नेले, की त्यांनी काय केले हे विचारण्याआधी आम्ही विचारीत असू, "कलम कोणते लावले?" जामीन की कोठडी, ते त्यावरच ठरे. म्हणून अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या एका कलमाचा इतिहास आम्हांला परका वाटला नाही.

त्या राज्याची दंडसंहिता १८७२ सालची. आपला जुना पुराव्याचा कायदाही त्याच सालचा. तिच्या १७ व्या कलमात गुन्ह्यांच्या मुख्य जाती दोनच ठरविल्या. राज्याच्या मोठ्या तुरुंगात धाडता येईल तो भारी, म्हणजे 'फेलनी'. बाकीचा किरकोळ, 'मिस्डिमीनर'. पण कित्येक गुन्ह्यांना दोन्ही प्रकारची शिक्षा लागू पडते. त्यांना तिकडे 'वॉब्लर' म्हणतात. वॉब्लर म्हणजे डळमळणारा. कृत्य तेच, जात मागाहून ठरायची! आरोप लिहिताना ती सरकारी वकील ठरवितो. पुढे शिक्षेच्या वेळी न्यायाधीश गुन्हा खालच्या जातीत आणू शकतो. माणूस पाहून दया दाखवायला ही जागा आहे, आणि आम्ही तिला नावे ठेवणार नाही.

पण १९९४ साली तेथे 'तीन स्ट्राइक'चा कायदा आला. मागे दोन गंभीर गुन्हे असतील, तर तिसरा गुन्हा कोणत्याही 'फेलनी'चा असो, शिक्षा किमान पंचवीस वर्षे ते जन्मठेप. आता त्या डळमळण्याला भलतीच किंमत आली.

१९९५ च्या नोव्हेंबरात अँड्राडे नावाच्या इसमाने दोन दुकानांतून नऊ व्हिडिओ टेपा उचलल्या. किंमत सारी मिळून १५३ डॉलर ५४ सेंट. एरवी ही भुरटी चोरी. परंतु पूर्वी चोरीची शिक्षा झालेली असल्याने ती डळमळती झाली, आणि सॅन बर्नार्डिनोच्या सरकारी वकिलांनी ती भारी ठरविली. मग जुन्या घरफोड्या 'स्ट्राइक' म्हणून उभ्या राहिल्या. दोन चोऱ्यांची दोनदा पंचवीस, म्हणजे पन्नास वर्षे ते जन्मठेप. शिक्षेच्या वेळी त्याचे वय सदतीस. २००३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ही शिक्षा ५ विरुद्ध ४ मतांनी टिकली.

सरकारी वकील गुन्हा किरकोळ लिहिता, तर हा मनुष्य त्या मानाने फार थोडा काळ आत राहता. सारा फरक एका टेबलावरचा! ते टेबल लोकांना दिसत नाही, हे आम्हांला अधिक खुपते.

पुढे लोकांनीच मतदान करून यात हात घातला. २०१२ साली तिसरा गुन्हाही बहुतेक वेळी गंभीर असलाच पाहिजे असे ठरले. २०१४ साली साडेनऊशे डॉलरांपर्यंतची चोरी बहुतांशी किरकोळच राहील असे ठरले. दहा वर्षांनी वारा फिरला. २०२४ च्या नोव्हेंबरात मतदारांनी नवा नियम मंजूर केला: चोरीच्या दोन शिक्षा आधी झाल्या असतील, तर पुढची भुरटी चोरी भारी लिहिता येते किंवा किरकोळही. कागद पुन्हा त्याच टेबलावर गेला.