वाढीचें संप्रेरक आणि रिकामें पोट



आमच्या शेजारीं राहणारा, नववींत शिकणारा एक मुलगा परवां मजकडे आला आणि म्हणाला, "मास्तर, रात्रीं जेवलें नाहीं म्हणजे उंची वाढते, हें खरें काय?" उपासानें शरीरांतील वाढीचें संप्रेरक वाढतें असें त्यानें कोठेंसें वाचलें होतें, आणि आठ दिवस तो रात्रीचें ताट परत पाठवीत होता. त्याची आई काळजींत पडली होती. त्यानें वाचलेलें विधान खोटें नव्हतें. तें अपुरें होतें. कसें तें कळण्यास गेल्या शंभर वर्षांतील संशोधनाचा इतिहास थोडासा पाहावा लागतो.

मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पीयूषिका नांवाची ग्रंथि असते. १९२१ सालीं कॅलिफोर्नियांत हर्बर्ट एव्हान्स आणि जोसेफ लाँग यांनीं गुरांच्या या ग्रंथीचा अर्क उंदरांना टोचला, तेव्हां ते उंदीर इतर उंदरांहून पुष्कळच मोठे झाले. १९४४ सालीं चोह हाओ ली व एव्हान्स यांनीं त्यांतील मूळ द्रव्य वेगळें काढलें. उंदीर वाढले म्हणून त्यास वाढीचें संप्रेरक म्हणूं लागले, आणि माझ्या मतें हें नांवच पुढें गैरसमजास कारण झालें.

रक्तांत तें किती असतें हें मात्र मोजतां येत नव्हतें. कारण एका मिलिलिटर रक्तांत त्याचें प्रमाण ग्रॅमच्या अब्जांशाच्या हिशेबांत असतें. ही अडचण न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत, माजी सैनिकांच्या रुग्णालयांत सुटली. रोझलिन यॅलो या पदार्थविज्ञानाच्या विदुषी, सॉलोमन बर्सन हे डॉक्टर. इन्सुलिन मोजण्याची जी युक्ति त्यांनीं १९६० च्या सुमारास सिद्ध केली, ती आपल्या पंगतीवरून चटकन समजेल. पाट मोजके आहेत. टिळा लावलेले पाहुणे ठराविक संख्येनें आणले, आणि त्यांच्याबरोबर बिनटिळ्याचे, संख्या ठाऊक नसलेले पाहुणेहि आंत सोडले. बिनटिळ्याचे जितके अधिक, तितके टिळेवाले पाटावांचून उभे राहणार; ते मोजले कीं बिनटिळ्यांचा अंदाज आला. येथें पाट म्हणजे प्रतिपिंड आणि टिळा म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीन. यॅलो यांना १९७७ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. बर्सन १९७२ सालींच वारले होते.

हीच युक्ति वाढीच्या संप्रेरकास लावून १९६३ सालीं जेसी रॉथ, सेमूर ग्लिक, यॅलो व बर्सन यांनीं जें पाहिलें तें चकित करणारें होतें. ज्यांची वाढ केव्हांच संपली अशा प्रौढांच्या रक्तांतहि तें होतें, आणि सारखें बदलत होतें. साखरेचें पाणी प्यालें कीं उतरे. इन्सुलिन टोचून रक्तांतील साखर खालीं आणली कीं एकदम चढे. उपास लांबला तरी चढे. अन्न मिळेनासें झालें म्हणजे हें संप्रेरक शरीरास चरबी जाळावयास लावतें आणि स्नायू राखतें. दुष्काळांत कोठार सांभाळणाऱ्या कारभाऱ्याचें काम तें! १९९२ सालीं अमेरिकेंत निरोगी पुरुषांस दोन दिवस उपाशी ठेवलें असतां त्याची निर्मिति सुमारें पांचपट झाली. उपासाचे पुरस्कर्ते सांगतात तो आंकडा बहुधा हाच.

परंतु १९५७ सालींच सेंट लुई येथें विल्यम डॉघडे व त्यांचे सहकारी यांना दुसरी बाजू दिसली होती. हाडांच्या टोकांशीं जी कूर्चा असते, तिच्यावर हें संप्रेरक नुसतें बशींत घातलें तर जवळजवळ कांहींच होईना. निरोगी उंदराच्या रक्तांतील द्रव घातला कीं ती कामाला लागे. मधें कोणी निरोप्या असला पाहिजे. तो इन्सुलिनशीं साम्य असलेला असून मुख्यतः यकृतांत तयार होतो, हें पुढें ठरलें. अन्न कमी पडत राहिलें म्हणजे तो निघेनासा होतो. पीयूषिका हांका मारीत राहते. यकृत ऐकत नाहीं.

याचें करुण प्रत्यंतर केप टाउन येथें आलें. क्वाशिओर्कोर हा प्रथिनांच्या अभावीं मुलांस होणारा रोग. नांव पश्चिम आफ्रिकेंतील गा भाषेंतलें. धाकटें भावंड आल्यानें दुधास मुकलेल्या मुलाचें दुखणें, असा त्याचा आशय. १९६० नंतरच्या दशकांत बर्नार्ड पिमस्टोन व त्यांचे सहकारी यांनीं अशा मुलांचें रक्त तपासलें. मुलें खुरटलेलीं, पाय सुजलेले, आणि वाढीचें संप्रेरक मात्र चढलेलें! पुरेशीं प्रथिनें पोटांत जाऊं लागल्यावर तें खालीं आलें.

जेवणाच्या वेळेविषयीं दोन शब्द. १९९९ सालीं जपानांत कोजिमा व कांगावा यांनीं जठरांतून निघणारें घ्रेलिन शोधलें. तें भूक लावतें आणि पीयूषिकेसहि चेतवतें. नेहमींची जेवणवेळ आली कीं तें वाढतें व जेवतांच उतरतें, हें २००१ सालीं दिसून आलें. पण वाढीच्या संप्रेरकाची सर्वांत मोठी लाट येते ती गाढ झोप लागतांच, असें डॉघडे यांच्याच मंडळींनीं १९६८ सालीं दाखविलें होतें. झोप लांबली कीं लाटहि लांबते. आमचा विद्यार्थी मध्यरात्रीपर्यंत दिवा जाळीत होता, तें त्याच्या आईनें सांगितलें.

त्यास मीं हें सर्व ऐकविलें. जरा विचार करून तो म्हणाला, "मग एव्हान्सचे उंदीर कसे वाढले?"

"त्यांना पोटभर खावयास मिळत होतें," मीं सांगितलें.