स्प्रिंट रिव्ह्यूची कुळकथा

काम पुरे होण्याआधी ते करवून घेणाऱ्यास दाखवावे, ही कल्पना सॉफ्टवेअरच्या व्यवसायात ॲजाईलच्या प्रवर्तकांनी प्रथम आणली, असा एक समज रूढ आहे. परंतु ज्या विन्स्टन रॉइस यांच्या माथी ‘वॉटरफॉल’ पद्धतीचे पितृत्व मारले जाते, त्यांच्याच १९७० सालच्या निबंधात या कल्पनेचे बीज सापडते. अवकाशमोहिमांच्या सॉफ्टवेअरचा अनुभव गाठीशी असलेल्या रॉइस यांनी त्या निबंधात एकाखाली एक टप्पे उतरत जाणारा आराखडा मांडला, तो जोखमीचा असल्याचा इशारा तेथेच दिला, आणि उपाय म्हणून जी पाच कलमे सुचविली त्यांतील अखेरचे कलम ग्राहकास कामात औपचारिकपणे व सातत्याने गुंतवून ठेवावे, हे होते. त्यासाठी त्यांनी प्राथमिक रचनेची, तपशीलवार रचनेची आणि अंतिम स्वीकृतीची अशा तपासण्याही नेमून दिल्या. गोम एवढीच होती की, आरंभीच्या तपासण्यांत ग्राहकापुढे यावयाचा तो कागद; चालते सॉफ्टवेअर त्याच्या दृष्टीस पडावयाचे ते अखेरीस, म्हणजे फेरफारास वाव जवळजवळ उरला नसताना. पुढे १९८५ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सॉफ्टवेअरविषयक २१६७ क्रमांकाचे मानक जारी केले, तेव्हा या दप्तरी तपासणीवर सरकारी शिक्कामोर्तब झाले.

याच सुमारास बॅरी बोह्म यांनी आपली ‘स्पायरल’ पद्धत मांडली. तिच्यात प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी कामाशी संबंध असलेल्या प्रमुख मंडळींनी एकत्र बसून झालेल्या कामाचा परामर्श घ्यावा, आणि पुढील आवर्तनास संमती द्यावी की न द्यावी याचा निर्णय करावा, अशी तरतूद होती. तपासणीला निर्णयाची जोड मिळाली ती येथे. मात्र हे आवर्तन किती मुदतीचे असावे, याचे बंधन बोह्म यांनी घातलेले नव्हते.

मुदतीचे बंधन आले ते निराळ्याच घराण्यातून. १९९३ साली मॅसॅच्युसेट्समधील ईझेल कॉर्पोरेशन या कंपनीत जेफ सदरलंड यांनी स्क्रम या कार्यपद्धतीचा पहिला संघ उभा केला. संघाची कल्पना त्यांनी हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांच्या १९८६ सालच्या लेखावरून घेतली. होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्यांत नवी वस्तू कशी घडते याचा अभ्यास करून त्या दोघांनी रग्बीच्या खेळाडूंप्रमाणे एकत्र पुढे सरकणाऱ्या गटांचे वर्णन केले होते. परंतु ठराविक काळाने काम उघड्यावर मांडण्याची शिस्त सदरलंड यांनी घेतली ती एमआयटीच्या मीडिया लॅबमधून. तेथे दर तीन आठवड्यांनी प्रत्येक गटाला आपले काम सर्वांसमक्ष चालवून दाखवावे लागे, प्रात्यक्षिकास कोणीही येऊन बसू शके, आणि जे चालत नसे किंवा पाहणाऱ्याचे कुतूहल जागवीत नसे, ते काम संचालक बंद करीत, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

प्रात्यक्षिकाच्या या धाकाला विचाराचे अधिष्ठान दिले ते स्क्रमचे दुसरे प्रवर्तक केन श्वाबर यांनी. ड्युपाँट कंपनीतील बाबाटुंडे ओगुन्नाइके यांच्यासारख्या प्रक्रिया-नियंत्रणाच्या तज्ज्ञांपुढे त्यांनी सॉफ्टवेअरच्या प्रचलित पद्धती ठेवल्या असता, ज्या कामाचे सर्व नियम आधी ठाऊक नसतात ते आधी लिहिलेल्या नियमांनी चालविता येत नाही, ते वरचेवर पाहून आणि पाहिल्याप्रमाणे दुरुस्त करूनच चालवावे लागते, असा अभिप्राय त्यांना मिळाला. १९९५ साली ऑस्टिन येथील ‘ऊप्सला’ परिषदेत श्वाबर यांचा जो निबंध सादर झाला, त्यात एक ते चार आठवड्यांच्या प्रत्येक आवर्तनानंतर, म्हणजे स्प्रिंटनंतर, रिव्ह्यू व्हावा, त्यास सर्व संघ आणि व्यवस्थापन हजर असावे, ग्राहकांना व विक्री खात्यालाही बोलाविता यावे, चालू शकणारे सॉफ्टवेअर दाखविले जावे, आणि या बैठकीतून बॅकलॉगमध्ये, म्हणजे करावयाच्या कामांच्या यादीत, नवी कलमे दाखल व्हावीत, असे स्पष्ट नमूद आहे. आजच्या प्रथेचे सर्व अवयव येथे एकत्र आलेले दिसतात. २००१ च्या फेब्रुवारीत युटामधील स्नोबर्ड येथे सतरा जणांनी ॲजाईलचा जाहीरनामा तयार करून चालते सॉफ्टवेअर हेच प्रगतीचे मुख्य माप मानले, तेव्हा या प्रथेला तत्त्वाचेही बळ लाभले.

तथापि प्रदर्शनाचा मोह मोठा असतो. २००४ सालच्या आपल्या ग्रंथात श्वाबर यांनी जे नियम घातले, ते या मोहाला आवर घालण्यासाठीच योजिलेले असावेत असे ते वाचताना वाटते. बैठक चार तासांपलीकडे जाऊ नये. तिच्या तयारीत संघाने एका तासाहून अधिक वेळ दवडू नये. आणि जे पूर्णत्वास गेलेले नाही ते दाखवूच नये. तयारीचा तास मोजून दिला की स्लाइड्स रंगविण्यास फुरसत उरत नाही. आणि अपुरे काम वर्ज्य केले की नव्वद टक्के झाल्याची भाषा आपोआप बंद पडते, कारण तेवढ्या कामाची रुजुवात कोणालाच करता येत नाही.

असे असूनही अनेक ठिकाणी रिव्ह्यू केवळ डेमो होऊन बसला. हिंजवडीच्या कचेरीतून सायंकाळी अमेरिकेतील ग्राहकाला पडद्यावर एकामागून एक फीचर दाखवावीत, त्याने सौजन्याने वाहवा करावी आणि बैठक बरखास्त व्हावी, हा क्रम तेथील मंडळींना अपरिचित नाही. म्हणूनच स्क्रम गाइडच्या २०१७ च्या आवृत्तीला ही बैठक प्रगतीचा अहवाल देण्यासाठी नाही असे बजावावे लागले, आणि २०२० च्या आवृत्तीने ती सर्वांनी मिळून काम करण्याची बैठक आहे, तिला निव्वळ सादरीकरण होऊ देऊ नये, असे सांगितले.

या कुळात दोन रक्ते मिसळली आहेत: दाखविण्याचे आणि ठरविण्याचे. पहिले दुसऱ्यासाठी आहे, हे ध्यानात ठेवले की बैठक कशी चालवावी हे वेगळे शिकवावे लागत नाही. आरंभी प्रॉडक्ट ओनरने, म्हणजे बॅकलॉग सांभाळणाऱ्याने, काय पुरे झाले आणि काय राहिले हे दोन वाक्यांत सांगावे, सॉफ्टवेअर शक्यतो वापरणाऱ्याच्याच हाती द्यावे, तो जेथे अडखळेल तेथे समर्थन करीत न बसता टिपून घ्यावे, बाजारपेठेत व खर्चात काय बदलले हे विचारावे, आणि निदान अर्धा वेळ पुढील कामाच्या चर्चेस राखून ठेवावा. बैठक यशस्वी झाली की नाही याची कसोटी एकच: ती सुरू होताना बॅकलॉग जसा होता तसाच ती संपताना राहिला असेल, आणि असे वारंवार घडत असेल, तर तेथे रिव्ह्यू झालाच नाही असे खुशाल समजावे.